ठोंबरे बाईंचा पंच

आमच्या शाळेत आम्ही सगळ्या मॅडम होतो. बाई एकच, ठोंबरे बाई. नव्यानं आलेल्या एखाद्या पोरीनं चुकून त्यांना मॅडम म्हटलं, तर त्या थांबायच्या, तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघायच्या आणि म्हणायच्या, "मॅडम हापिसात असत्यात. मैदानावर बाई असती." मग त्या पोरीला मैदानाला एक चक्कर. शिक्षा म्हणून नाही, लक्षात राहावं म्हणून. हा फरक बाईंच्या डोक्यात अगदी स्पष्ट होता. पोरींच्या पायांना तो कळत असेल असं मला वाटत नाही.

गेवराईतल्या त्या मुलींच्या शाळेत बाई खेळ शिकवायच्या आणि मी मराठी. शिक्षकांच्या खोलीतल्या एकाच टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही कित्येक वर्षं बसलो. बाई उंचीनं बेताच्या, अंगानं दणकट, सलवार-कमीज, पायात खेळाचे बूट आणि गळ्यात शिट्टी. ही शिट्टी लग्नाकार्यातसुद्धा उतरत नसे. यजमान फार लवकर गेले होते. एकुलत्या मुलीला त्यांनी एकटीनं शिकवून पुण्याला नोकरीला लावलं होतं, पण त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि कुणी सहानुभूती दाखवायला गेलंच, तर विषय बदलून त्याचं वजन किती वाढलंय ते सांगायच्या.

त्यांचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा तर 'माझं चुकलं' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. खो-खोच्या सामन्यात त्या पंच असल्या की समोरचा संघ तालुक्याचा असो की जिल्ह्याचा, दिलेला निर्णय फिरायचा नाही. कुणी वाद घालायला आलं तर उत्तर ठरलेलं, "पंचाचा निर्णय अंतिम." मला खरं सांगायचं तर त्यांच्या या ठामपणाचा हेवा वाटायचा. मी दुकानात साडी घेतली तरी घरी येईपर्यंत दुसरीच बरी होती असं मला वाटायला लागतं.

पन्नाशी ओलांडल्यावर बाईंनी गिअरची, जाड टायरांची सायकल घेतली. गावात चार दिवस चर्चा झाली आणि पाचव्या दिवशी लोकांना सवय झाली. मग एका दिवाळीला मुलीनं पुण्याहून ते यंत्र आणलं. सायकलच्या हँडलवर बसवायचा, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा जीपीएसचा कॉम्प्युटर. मी म्हटलं, "अहो बाई, फोनमध्ये असतंय की हे सगळं." बाईंनी माझ्याकडं पोरीकडं बघतात तसं बघितलं.

"फोनमधे नवरा असतो, सासू असती, व्हॉट्सॅप असतं. उन्हात पडदा दिसत न्हाई, पावसात भिजतो, अन् दुपारपस्तोर मरतो. ह्याला एकच काम हाय. मी कुठं हाय ते बघायचं."

त्याची इंग्रजी माहितीपुस्तिका त्यांनी शब्दकोश घेऊन अक्षरन् अक्षर वाचली. परीक्षेच्या सुपरव्हिजनलासुद्धा ती पर्समध्ये असायची. आठवड्याभरात त्यांनी यंत्राचं बारसं केलं. नाव ठेवलं पंच.

त्यानंतर आमच्या शाळेची सकाळ बदलली. बाई निघताना फाटकाशी सायकल धरून उभ्या राहायच्या, तोंड आभाळाकडं. यंत्राला उपग्रह सापडेपर्यंत थोडा वेळ लागतो. तेवढ्यात कुणी बोलायला गेलं तर हात वर करायच्या, "थांब, पंच मैदानात उतरतोय." यंत्र वाजलं की शिट्टी आणि बाई निघाल्या. खंडेनवमीला शाळेतल्या पूजेत थाळी, गोळा, भाला यांच्या रांगेत पंचाला झेंडूचं फूल असायचं. त्याच्या पडद्याला कुंकू लावायचा हट्ट शिपाईमामांनी केला, तेव्हा बाईंनी ते यंत्राच्या पाठीवर लावून घेतलं.

यंत्रात त्यांनी दोन रीती, म्हणजे दोन मोड, लावून ठेवल्या होत्या, एक डांबराची, एक मातीची. डांबर संपलं की त्या हमखास उतरायच्या. बटण दाबून रीत बदलायची, दोन्ही टायरांतली थोडी थोडी हवा सोडायची, अंगठ्यानं दाबून बघायची आणि मगच पुढं. मी स्कूटीवरून त्यांच्या मागे गेले की मला हा सगळा विधी उन्हात उभं राहून बघावा लागे. एकदा मी वैतागून म्हटलं, रोजचीच तर वाट आहे. तर म्हणाल्या, "वाट रोजची आसंल, माती रोजची नसती." डांबराबद्दलही त्यांचं मत पक्कं होतं. "पंच वेग सांगतो, पुढचा चढ सांगतो, वळण सांगतो. खड्डा सांगत न्हाई. खड्डा आपला आपण बघायचा."

आमचे मुख्याध्यापक रोज सकाळी पाच किलोमीटर चालतात, ही बातमी आम्हाला तेच देत असत. बाईंनी एकदा पंच त्यांच्या खिशात घातला. "सर, उद्या ह्याला बी न्या फिरायला." दुसऱ्या दिवशी सगळ्या टेबलांसमोर यंत्राचा पडदा उघडला. पाच किलोमीटरांचे दोन झाले होते, नकाशावरची रेघ बसस्टँडसमोरच्या भज्याच्या हॉटेलात शिरून तशीच घरी परतली होती आणि थांबलेला वेळ चालण्यापेक्षा जास्त होता. सर म्हणाले, उपग्रहाचा काहीतरी घोटाळा असेल. "आसंल," बाई म्हणाल्या, "पर पंचाचा निर्णय अंतिम." त्यानंतर सरांनी मॉर्निंग वॉकचं नाव काढलं नाही. भजी मात्र चालू राहिली असावीत.

आष्टीच्या लग्नाची गोष्ट तर बाई स्वतःच रंगवून सांगायच्या. भाच्याचं लग्न, आणि ह्यांनी जायचं ठरवलं सायकलनं. बीडला बहिणीकडे मुक्काम केला आणि पहाटे डोंगराकडून निघाल्या. जमेल तिथं डांबर सोडून कच्च्या वाटांनी, माळावरून, मेंढपाळांशी गप्पा मारत. मोठ्या चढावर यंत्र पडद्यावर दाखवतं, चढ किती राहिला ते. बाईंना ते फार आवडायचं. "किती चढ उरलाय ते कळलं की चढ निम्मा होतो," असं त्या म्हणायच्या. ऐन मुहूर्ताला आष्टीत पोचल्या. पंच वाजला, पोचलात. बाईंनी मंडपाच्या कडेला सायकल लावली, तोंड धुतलं, अक्षता टाकल्या, पंगतीला बसल्या. जिलेबी दुसऱ्यांदा वाढायला आली तेव्हा त्यांनी नवरदेवाकडं नीट बघितलं. भाचा नव्हता. भाच्याचं लग्न शेजारच्या कार्यालयात होतं, मध्ये एक भिंत.

"मग काय केलं तुम्ही?"

"जिलेबी खाल्ली. आहेर केला. नवरीला म्हटलं, सुखी ऱ्हा. अन् मग भिंतीपल्याड जाऊन परत जेवले."

"म्हणजे पंच चुकला की."

"पंच न्हाई चुकला. पत्ता पाठवणारा चुकला." वाद संपला. त्या नवरीनं पुढं पुष्कळ दिवस बाईंना संक्रांतीला तिळगूळ पाठवला, हेही खरं.

माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा मी बीडच्या दवाखान्यात बाकावर बसून नुसती रडत होते. बाई आल्या, तशाच सायकलवरून, घामानं भिजलेल्या. समजूत वगैरे काही घातली नाही. म्हणाल्या, "वैशाली, रडू नको. आत जा अन् डॉक्टरला इचार, किती चढ उरलाय." मी गेले, विचारलं. उत्तर काही फार चांगलं नव्हतं. पण कळलं, आणि मी उभी राहिले. बाईंना मी विसरणार नाही ते एवढ्यासाठीच, असं मला पूर्वी वाटायचं. पण पुढं जे मी पाहिलं ते याच्याही वरचं आहे.

तलवाड्याच्या बाजूला हिवऱ्याची वस्ती आहे. वस्तीतली बहुतेक घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. आठ-नऊ पोरी आमच्या शाळेत येत, सरकारी योजनेतून मिळालेल्या सायकलींवर. आईबाप कारखान्यावर गेले की पोरी म्हाताऱ्यांबरोबर वस्तीवर राहायच्या आणि शाळा सुटायची नाही. वस्तीपासून एक जुनी गाडीवाट शेतांमधून लहान गावरस्त्याला मिळत होती. एका श्रावणात या पोरी उशिरा यायला लागल्या. कारण बघायला बाई एक दिवस पहाटेच वस्तीवर गेल्या आणि पोरींना घेऊन त्याच वाटेनं आल्या. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या बुटांचे काळ्या मातीचे ठसे उमटले, शिपाईमामा पुटपुटत पुसत राहिले. बाईंनी पडद्यावर मला रेघ दाखवली. वाट सरळ होती, फक्त मध्येच एका ठिकाणी तिला पोट सुटलेलं.

"इथं अशी का वळलीय?" मी विचारलं.

"गाडीवाटा असल्याच असत्यात," बाई म्हणाल्या आणि रेघ जपून ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात ती वाट बंद झाली. भाऊसाहेब म्हणून तिथले एक शेतकरी, त्यांच्या रानातून ती जात होती. त्यांनी वाट नांगरली, तिच्यावर कपाशी लावली आणि दोन्ही तोंडांना बाभळीच्या काट्यांचे ढीग रचले. पोरी मोठ्या रस्त्यानं वळसा घालून यायला लागल्या. पावसाळाभर निभावलं. दसरा झाला, मजूर न्यायला मुकादमाच्या गाड्या यायच्या दिवसांना सुरुवात झाली, आणि दहावीतल्या कोमलचा बाप शाळेत आला. सगळ्या वस्तीच्या वतीनं तोच बोलला.

"बाई, पोरींना संगं नेतो आवंदा."

"कावून? दहावी हाय तिची."

"कारखाने सुरू झाले की त्या रोडवर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. ड्रायव्हर झोपेत. आमी तिकडं उसाच्या फडात, अन् हिकडं पोरगी सायकलवर. जीव ऱ्हाईल का ठिकाणावर? जुनी वाट आसती तर ठेवली आसती. सगळ्यांचं हेच म्हणणं हाय."

आम्हा दोघींनाही माहीत होतं, पोरगी एकदा फडावर गेली की वर्ष जातं, आणि वर्षासोबत पोरगी. परत येते ती कपाळाला मुंडावळ्या बांधायला. तो बाप वाईट नव्हता, हे सगळ्यात अवघड होतं. त्याच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं.

"गाड्या यायच्या आत वाट मोकळी करते," बाई म्हणाल्या. "माझ्यापाशी पुरावा हाय."

आणि हँडलवरच्या पंचावर त्यांनी दोनदा बोट आपटलं.

रविवारी सकाळी सगळे त्या वाटेच्या तोंडाशी जमले. कोमलचा बाप, वस्तीतले पाच-सहा जण, पोरी, गावातले दोन-तीन जाणते, आणि मी माझी स्कूटी लिंबाखाली लावून सावलीत. भाऊसाहेब मोटरसायकलवरून आले. पांढरे कपडे, काळा गॉगल. माणूस भांडखोर म्हणून प्रसिद्ध होता, आणि भांडायचं म्हणून ते सदरा इस्त्री करून आले होते.

बाईंनी खणखणीत आवाजात सांगितलं, "वाट कुठून होती ते मी सांगत न्हाई, तुमी सांगू नका. ह्यो सांगंल. ह्याला ना तुमची भावकी, ना माझी पोर. आभाळातून बघतो. पंचाचा निर्णय अंतिम."

काटे बाजूला सारले. बाई सायकल हातात धरून, पडद्याकडं बघत पुढं निघाल्या, आम्ही मागे. आधी डाव्या हाताला बांध होता, बांधालगत गवत आणि वेड्या बाभळी माजलेल्या. थोडं पुढं गेल्यावर रेघ बांध सोडून उजवीकडं वळली, आणि बाईही वळल्या, कमरेएवढ्या कपाशीत. बोंडं फुटायला लागलेली. पाय टाकताना फांद्या मोडत होत्या. रेघ सुटली की यंत्र वाजतं. ते गप्प होतं, म्हणजे वाटेवर होतो. त्या रानाच्या पोटातून गोल फिरून रेघ पुन्हा बांधाकडं येत होती. म्हणजे रस्ता द्यायचा तर भाऊसाहेबांचं चांगलं रान मधोमध चिरायचं.

मला वाटलं आता शिव्या सुरू होणार. भाऊसाहेबांनी गॉगल काढला आणि विचारलं, "बाई, ही रेघ कंच्या दिवसाची हाय?"

बाईंनी बटण दाबलं. "मागल्या सालच्या श्रावणातली. पोळ्याच्या आदल्या आठवड्यातली."

"त्या दिवशी मी तिथं गोठ्यापाशी उभा होतो." त्यांनी हात करून दाखवलं. "बांधालगतच्या खोलगटात गुडघ्याइतका चिखल साचलेला. तुमी तिथपस्तोर आल्या, चिखल बघितला, अन् पोरींना घेऊन माझ्या कपाशीतून वळसा घातला. मी म्हटलं, जाऊ द्या, बाईमाणूस हाय, लेकरं हायेत. तुमच्या मागनं शेरडं गेली. शेरडाच्या मागनं मोटरसायकली गेल्या. दिवाळीपस्तोर माझ्या रानात रस्ता पडला. म्हणून नांगरला, बाई. काटे रागानं टाकले, ते चुकलं आसंल माझं. पर ही रेघ वाटेची न्हाई. तुमच्या पायाची हाय."

त्या रेघेचं सुटलेलं पोट माझ्या डोळ्यांपुढं आलं, आणि काळ्या मातीचे ते ठसे. कोमल बापाच्या मागे उभी होती आणि बाईंकडं बघत होती. सगळ्याच पोरी बघत होत्या. बाईंना अजूनही वाद घालता आला असता. चार वाक्यांत त्यांनी भाऊसाहेबांना गप्प केलं असतं, तसं इतरांना गप्प करताना मी त्यांना पाहिलं होतं.

बाईंनी शिट्टी तोंडाला लावली आणि वाजवली. लांब, एकच. हात खांद्याच्या वर केला, सामन्यात करतात तसा.

"फाउल," त्या म्हणाल्या. "माझा."

मग पडदा भाऊसाहेबांपुढं धरून त्यांच्यादेखत ती रेघ खोडली. पुरावा गेला. कोमलच्या बापाचं तोंड उतरलं आणि माझंही. पण भाऊसाहेब त्या रिकाम्या पडद्याकडं बघत उभे राहिले. भांडायची तयारी करून आलेल्या माणसाला समोरून भांडणच मिळेना की त्याची पंचाईत होते.

"मूळ वाट कुठं होती, भाऊसाहेब?" बाईंनी विचारलं. आवाज तोच होता, फक्त खाली आलेला.

"बांधालगतच. आज्याच्या जमान्यापासून."

"द्याल?"

"माझी थोडीच हाय द्यायला. वाट हाय ती." त्यांनी कोमलच्या बापाकडं बघितलं. "काय बे, कोयते हायेत ना तुमच्याकडं? का नुसता ऊसच तोडता?"

दुसऱ्या दिवशी अख्खी वस्ती बांधावर होती. कारखान्यासाठी धार लावून ठेवलेले कोयते आधी त्या बाभळींवर चालले. संध्याकाळच्या आत बांधालगतचा पट्टा मोकळा झाला, पण तो रुंद केवढा आणि जुन्या खुणेवर बरोबर आहे का, यावर जाणत्यांत वाद लागला. भाऊसाहेब म्हणाले, "बैलांना इचारू." त्यांच्या दावणीला एक म्हातारा बैल होता, त्यानं उभ्या जन्मात याच वाटेनं गाडी ओढली होती. गाडी जुंपली. कासरा सैल सोडून भाऊसाहेब पुढं, मागे सायकलवर बाई, नवी रेघ काढत.

आणि तिथं पंच अडला. सायकल फारच हळू चालली की यंत्राला वाटतं, गडी थांबला, आणि ते मोजणं थांबवतं. बैलाच्या चालीनं ते दर पाच पावलांना वाजायचं, थांबलात. बाई बटण दाबायच्या, ते परत वाजायचं. भाऊसाहेब मागे वळून म्हणाले, "बैल तर चाललेत की. मग ह्याला थांबल्यासारखं कावून वाटतंय?"

"पुण्याचं हाय ते," बाई म्हणाल्या. "त्याला बैलाची चाल म्हाईत न्हाई."

पोरी हसल्या, भाऊसाहेब हसले, मीही हसले. त्या आठवड्यातलं ते पहिलं हसणं होतं. बाईंनी उतरून, पुस्तिकेतलं पान आठवून ती आपोआप थांबायची सोय त्या दिवसापुरती बंद केली आणि पुन्हा बैलांमागे निघाल्या. वाट शेवटाला पोचली तेव्हा पडद्यावर बांधाला धरून सरळ रेघ होती, पोट नसलेली.

भाऊसाहेबांची एकच अट होती. "पाऊस यील, त्या खोलगटात चिखल व्हईल. तेव्हा माझ्या रानात पाय न्हाई."

बाईंनी पोरींना ओळीत उभं केलं. "ऐकलं? चिखल आला तर उतरायचं. सायकल खांद्यावर. वाट सोडायची न्हाई." सगळ्या पोरींनी 'हो बाई' म्हटलं, कवायतीत म्हणतात तसं. दिवाळी झाली. मुकादमाच्या गाड्या आल्या आणि गेल्या. सोमवारी पहिल्या तासाला मी हजेरी घेतली तेव्हा कोमलनं 'हजर' म्हटलं, आणि मला पुढचं नाव वाचायला थोडा वेळ लागला.

बाई पुढच्याच वर्षी निवृत्त झाल्या, श्रावण सरता सरता. मुलीकडं पुण्याला जायचं ठरलं होतं, सामान बांधून झालं होतं. शेवटच्या दिवशी शाळेत शाल-श्रीफळाचा कार्यक्रम होता आणि सरांनी मला बाईंना आणायला पाठवलं. घराला कुलूप. रात्रभर पाऊस झालेला, आणि बाई कुठं असतील ते मला सांगायला पंचाची गरज नव्हती.

मी स्कूटी गावरस्त्यावरच सोडली आणि चपला हातात घेऊन बांधाबांधानं चालत गेले. खोलगटात चिखल साचला होता, काळा, चिकट, चाकाला धरला की सोडत नाही असा. उजव्या हाताला भाऊसाहेबांची कपाशी उभी, आणि तिच्या कडेला भाऊसाहेब. पलीकडून वस्तीच्या पोरी येत होत्या. कोमल आता कॉलेजला जात होती, ती सगळ्यात पुढं. सगळ्यात मागे बाई.

चिखलाशी आल्यावर एका नव्या, लहान पोरीनं हँडल कपाशीकडं वळवलं. शिट्टी वाजली. पोर जागच्या जागी थांबली, खाली उतरली. मोठ्या पोरींनी आधीच सायकली खांद्यावर घेतल्या होत्या. कोमलनं त्या लहानीची सायकल एका बाजूनं उचलून दिली आणि एकामागून एक सगळ्या सरळ चिखलात शिरल्या.

बाई शेवटी राहिल्या. अठ्ठावन्न वर्षांचं वय, खांद्यावर ती जड सायकल, पाय नडगीपर्यंत आत. हँडलवर पंच थांबलात, थांबलात म्हणून वाजत होता, त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. मधोमध आल्या आणि पाय रुतला. ओढून निघेना. मदतीला पुढं व्हायची माझी हिंमत झाली नाही, त्यांना ते चाललं नसतं.

भाऊसाहेब कपाशीची एक ओळ हातानं बाजूला सारत म्हणाले, "बाई, आजच्या दिवस या हिकडून. मी म्हणतोय ना. माझं रान हाय."

बाईंनी मान वर केली. पोरी पलीकडं पोचून वळून बघत होत्या.

"न्हाई चालत, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. बूट चिखलातच सोडून त्यांनी पाय मोकळा केला आणि पुढचं पाऊल सरळ टाकलं.